विद्युन्मंडलाची कसोटी: एक आंकडा कीं अनेक?

रेडिओची खुंटी फिरवून एखादें केंद्र शोधणाऱ्या माणसास, आपल्या हातून एक शास्त्रीय प्रयोग होत आहे, याची जाणीव सहसा नसते. खुंटी फिरली कीं जुन्या धर्तीच्या यंत्रांतील कंडेन्सरच्या पत्र्यांचा समोरासमोर येणारा भाग कमीजास्त होतो, त्यासरशी त्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति बदलते, आणि यंत्र एका कंपनसंख्येवरून दुसऱ्या कंपनसंख्येवर सरकतें. प्रथम नुसती खरखर, मग अस्पष्ट आवाज, मग स्वच्छ स्वर, आणि खुंटी आणखी पुढें गेली कीं पुन्हां खरखर! या साध्या कृतींत तीन गोष्टी घडतात. मंडलांतील एक राशि ओळीनें बदलली जाते. बाकीच्या सर्व राशि जशाच्या तशा ठेवल्या जातात. आणि प्रत्येक ठिकाणीं परिणाम काय होतो, हें लक्षपूर्वक पाहिलें किंवा ऐकलें जातें. विद्युन्मंडलें योजणारे अभियंते आज संगणकावर जी एक महत्त्वाची परीक्षा घेतात, तिचें बीज या कृतींतच आहे.

इंग्रजींत या परीक्षेस ‘पॅरामीटर स्वीप’ असें म्हणतात. मंडलांतील ज्या राशीची किंमत रचनाकाराच्या किंवा परिस्थितीच्या हातीं असते, ती राशि म्हणजे पॅरामीटर. मराठी परिभाषेंत तिला प्राचल हा शब्द आहे. ‘स्वीप’ म्हणजे झाडणें. केर काढणारा माणूस झाडू एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरवितो, मधली फरशी सोडीत नाहीं. त्याप्रमाणेंच प्राचल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावयाचा आणि मधला एकही टप्पा न पाहिलेला ठेवावयाचा नाहीं, हा या नांवाचा आशय आहे.

आतां कोणी विचारील कीं, हा खटाटोप संगणकावर कशासाठीं? टेबलावर मंडल जुळवून, एक रेझिस्टर काढून दुसरा लावून, हीच परीक्षा घेतां येणार नाहीं काय? पूर्वीं ती तशीच घेतली जात असे, आणि लहान मंडलांपुरती आजही घेतली जाते. परंतु जेव्हां एकाच सिलिकॉनच्या चकतीवर असंख्य घटक कोरले जाऊं लागले, तेव्हां एखादा घटक उपटून त्या जागीं दुसरा बसविणें अशक्य झालें. चकती एकदां तयार झाली कीं तिच्यांतील चूक दुरुस्त होत नाहीं. सगळी चकती नव्यानें घडवावी लागते, आणि त्यांत महिने व द्रव्य दोन्ही खर्ची पडतात. तेव्हां वस्तु घडविण्यापूर्वीं तिचें वर्तन गणितानें जाणून घेणें, एवढा एकच मार्ग उरला.

या गरजेंतून जी आज्ञावली जन्मास आली, तिचें नांव ‘स्पाइस’. अमेरिकेंतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्राध्यापक रोनाल्ड रोरर यांच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या एका उपक्रमांतून प्रथम ‘कॅन्सर’ अशा विचित्र नांवाची आज्ञावली निर्माण झाली. त्या विद्यार्थ्यांपैकीं लॉरेन्स नेगल यांनीं पुढें प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखालीं तिला नवें रूप दिलें, आणि १९७३ सालीं कॅनडांतील वॉटर्लू येथें भरलेल्या परिषदेंत ‘स्पाइस’ विद्वानांसमोर आली. १९७५ सालीं तिची दुसरी, पुष्कळ सुधारलेली आवृत्ति निघाली. ही आज्ञावली कोणा एकाची मिरास न होतां सर्वांस मोकळी असावी, असा पेडरसन यांचा आग्रह होता. आणि त्या औदार्यामुळेंच ती विद्यापीठांतून व कारखान्यांतून जगभर पसरली. अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेनें २०११ सालीं तिची गणना विद्युत्शास्त्राच्या इतिहासांतील महत्त्वाच्या टप्प्यांत केली. आज प्रचारांत असलेल्या अशा बहुतेक आज्ञावल्यांचें मूळ बर्कलीच्या या घराण्यांतच सांपडतें.

स्पाइसला मंडल चित्ररूपानें समजत नाहीं. तिला एक यादी लागते. यादीच्या प्रत्येक ओळींत एका घटकाचें नांव, तो कोणकोणत्या सांध्यांना जोडला आहे तें, आणि त्याची किंमत, एवढेंच लिहिलेलें असतें. गुस्टाफ किर्खोफ यांनीं १८४५ सालीं सांगितलेला नियम असा कीं, कोणत्याही सांध्यांत जेवढा प्रवाह येतो तेवढाच तेथून बाहेर पडतो. या नियमाच्या आधारें संगणक प्रत्येक सांध्यासाठीं एकेक समीकरण मांडतो आणि सर्व समीकरणें एकदम सोडवितो. ट्रान्झिस्टरसारखा वक्र स्वभावाचा घटक असला, तर तो प्रथम एक अंदाज धरतो, मग तो सुधारतो, आणि उत्तर स्थिर होईपर्यंत ही सुधारणा चालूं ठेवितो. काळाप्रमाणें बदलणारें वर्तन पाहावयाचें असल्यास हा सारा खटाटोप क्षणाक्षणाला नव्यानें करावा लागतो. माणसास जें गणित करण्यास आयुष्य पुरणार नाहीं, तें संगणक पापणी लवते न लवते तोंच उरकतो. आणि म्हणूनच तेंच गणित निरनिराळ्या आंकड्यांनीं शंभर वेळां करविणें शक्य होतें.

फेरीची युक्ति येथेंच आहे. घटकाच्या किंमतीच्या जागीं आंकडा न लिहितां महिरपी कंसांत एक नांव लिहावयाचें. आणि निराळ्या ओळींत त्या नांवास कोठपासून कोठपर्यंत, किती अंतरानें किंमती द्यावयाच्या, हें सांगावयाचें. ‘एलटीस्पाइस’ या लोकप्रिय आज्ञावलींत ही ओळ टिंब देऊन लिहिलेल्या ‘स्टेप’ या शब्दानें सुरू होते. मग संगणक त्या नांवाच्या जागीं एकामागून एक किंमती घालून सबंध गणित पुनःपुन्हां करतो, आणि सर्व उत्तरांचे आलेख एकाच कागदावर एकमेकांशेजारीं काढून दाखवितो.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. कल्पना करावी कीं, ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी एक नाजूक चिप आहे आणि ६ व्होल्टपेक्षां अधिक दाब तिला सोसत नाहीं. पुरवठ्यांतील गोंगाट चिपपर्यंत पोंचूं नये म्हणून मध्यें एक रेझिस्टर, १ मिलिहेन्रीची एक कॉइल, आणि चिपला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर बसविला आहे. चिप स्वतः नगण्य प्रवाह घेते. पुरवठा ५ व्होल्टचा, चिपची मर्यादा ६ व्होल्टची. तेव्हां चिंतेचें कारण कोणतें, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु बटन दाबतांच दाब एकाएकी येतो, आणि कॉइल व कंडेन्सर यांची जोडी झोंपाळ्यासारखी वागूं लागते. ओढून सोडलेला झोंपाळा मध्यावर येऊन तेथेंच थांबत नाहीं. तो पलीकडे जातो. त्याप्रमाणेंच कंडेन्सरवरील दाब ५ व्होल्टवर न थांबतां त्याच्यापुढें उसळतो, आणि मग हेलकावे खात खात ५ वर येऊन स्थिरावतो. या झोंपाळ्यास लगाम घालणारा घटक म्हणजे रेझिस्टर. मग तो किती ओहमचा घ्यावा?

संगणकावर रेझिस्टरला २०, ५०, १००, १५०, २०० आणि ४०० ओहम अशा सहा किंमती क्रमानें दिल्या, तर सहा आलेख एकदम दृष्टीस पडतात. कॉइलच्या तारेचा स्वतःचा रोध या आंकड्यांतच धरला आहे. २० ओहमला दाब सुमारे ८.६५ व्होल्टपर्यंत उसळतो. ५० ओहमला ७.२२ पर्यंत, १०० ओहमला ५.८२ पर्यंत, आणि १५० ओहमला केवळ ५.१४ पर्यंत. २०० ओहमला उसळी अजीबात नाहींशी होते. ४०० ओहमलाही उसळी नाहीं, पण मंडल आळशी बनतें. दाबानें अंतिम किंमतीचे नऊ दशांश गांठण्यास १०० ओहमला सुमारे २१ मायक्रोसेकंद, १५० ला २८, २०० ला ३९, आणि ४०० ला तब्बल ८९ मायक्रोसेकंद लागतात. एकाच दृष्टिक्षेपांत सारा व्यवहार उघडा होतो: रोध कमी ठेवला तर धोका, वाढविला तर दिरंगाई. एकच किंमत घेऊन एकच आलेख काढणारास या दोहोंपैकीं एकच बाजू दिसली असती.

वेग हवा असलेला रचनाकार येथें म्हणेल कीं, १०० ओहम ठीक आहे, ५.८२ व्होल्ट हे ६ पेक्षां कमीच आहेत. कागदावर त्याचें म्हणणें बरोबर आहे. परंतु बाजारांत मिळणारा घटक कागदावरील आंकड्याशीं तंतोतंत जुळत नसतो. साधा रेझिस्टर शेंकडा ५ नें इकडेतिकडे असूं शकतो. कॉइल आणि कंडेन्सर यांना शेंकडा २० ची सूट पुष्कळदां दिलेली असते. म्हणजे १ मिलिहेन्री म्हणून घेतलेली कॉइल वस्तुतः १.२ ची निघूं शकते आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ०.०८ चा. या सवलती दैवयोगानें एकाच बाजूला पडल्या, म्हणजे रेझिस्टर ९५ ओहमचा, कॉइल मोठी आणि कंडेन्सर लहान असा मेळ जमला, तर उसळी ६.३३ व्होल्टपर्यंत जाते. चिपची मर्यादा तेथें ओलांडली गेली! याच प्रतिकूल मेळांत १५० ओहमची योजना असती तर दाब ५.५३ व्होल्टच्या पुढें गेला नसता. सात मायक्रोसेकंदांचा विलंब पत्करून चिपचें रक्षण झालें असतें.

या परीक्षेचें खरें महत्त्व येथें आहे. टेबलावर जुळविलेला नमुना ही एकच व्यक्ति असते. कारखान्यांतून बाहेर पडणारा माल म्हणजे हजारोंचा समाज. नमुना उत्तम चालला, तो प्रदर्शनांत मांडला, त्याची वाहवा झाली, एवढ्यावरून त्या समाजांतील प्रत्येक यंत्र चालेल, असें म्हणतां येत नाहीं. जें यंत्र बिघडतें, तें प्रयोगशाळेंत बिघडत नाहीं. ज्या गृहस्थानें विश्वासानें पैसे मोजले, त्याच्या घरीं बिघडतें. तेंच यंत्र रुग्णाच्या उशाशीं असेल, तर हानि केवळ पैशांत मोजून भागत नाहीं.

घटकांच्या सवलतींचे मेळ पाहावयाचे म्हटले कीं संख्या मात्र झपाट्यानें वाढूं लागतात. तीन घटकांची प्रत्येकीं दोन टोंकें धरलीं तर मेळ आठ होतात; रेझिस्टरच्या वरील सहा किंमतींसह ते ४८ झाले. एवढे संगणकास कांहींच नव्हेत. परंतु पांच घटक घेऊन प्रत्येकास दहा दहा किंमती द्यावयाच्या ठरविल्या, तर १ लाख मेळ होतात. आणि एकेका गणितास केवळ एक सेकंद लागतो असें धरलें, तरी सत्तावीस तासांहून अधिक काळ संगणक त्यांतच गुंतून राहील. शिवाय एक लाख आलेख वाचावयाचे कोणी? म्हणून चतुर रचनाकार आलेखांच्या जंगलांत शिरत नाहीं. प्रत्येक फेरींतून सर्वोच्च दाब किंवा लागलेला वेळ असा एकेक आंकडाच तो संगणकाकडून मागून घेतो, आणि त्या आंकड्यांचा नवा आलेख काढतो.

केवळ टोंकें पाहून भागेल, असेंही नेहमीं समजूं नये. रेडिओच्या खुंटीच्या दोन्ही टोंकांना खरखरच ऐकूं येते. केंद्र मध्येंच कोठें तरी असतें. मंडलांतील अनिष्ट अनुनादाचीही गत तीच; दोन्ही टोंकें निर्दोष आढळावीं आणि दोष मध्यावर दबा धरून बसलेला असावा, असें होऊं शकतें. अशा प्रसंगीं दुसरी एक पद्धति उपयोगी पडते. सर्व घटकांना त्यांच्या सवलतींच्या आंत यदृच्छेनें किंमती द्यावयाच्या, जणूं फांसे टाकून. आणि असे कांहीं शेंकडे डाव खेळून त्यांतील किती फसले तें मोजावयाचें. स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनीं १९४० नंतरच्या दशकांत लॉस अलामॉस येथें पुढें आणलेल्या या पद्धतीस मोनाकोमधील प्रसिद्ध जुगारगृहावरून ‘माँटे कार्लो’ असें नांव पडलें. जुगाराचें नांव असलें तरी हेतु जुगार टाळण्याचाच आहे.

या विद्येंत ठेंचा लागण्याच्या जागाही आहेत. पहिली जागा अक्षराची. स्पाइस लहान व मोठ्या लिपींतील इंग्रजी अक्षरांत भेद करीत नाहीं, आणि आंकड्यापुढील ‘एम’ या अक्षराचा अर्थ ती सहस्रांश असा घेते. दहा लक्षांसाठीं ‘मेग’ अशीं तीन अक्षरें लिहावीं लागतात. एक मेगओहम लिहावयाचें म्हणून जो नुसता ‘एम’ लिहितो, त्याच्या मंडलांत एक ओहमचा हजारावा भाग जाऊन बसतो. अंतर एक अब्ज पटींचें! संगणक तक्रार करीत नाहीं. तो चुकीच्या प्रश्नाचें बिनचूक उत्तर देतो.

दुसरी जागा अंतराची. १० ओहमपासून १ लक्ष ओहमपर्यंत फेरी काढावयाची असतां समान अंतरानें शंभर किंमती घेतल्या, तर पहिली १० ची आणि दुसरी एकदम हजाराच्या पलीकडची येते. मधला सारा प्रदेश झांकलेलाच राहतो. अशा वेळीं बेरजेच्या श्रेढीऐवजीं गुणाकाराची श्रेढी घ्यावी, म्हणजे प्रत्येक दशकास सारख्या पायऱ्या मिळतात. तिसरी जागा काळाच्या पावलांची. वरील मंडलांत एका हेलकाव्यास सुमारे ६३ मायक्रोसेकंद लागतात. संगणक आपण होऊन पाऊल लहानमोठें करीत असला, तरी तें वीस मायक्रोसेकंदांचें पडल्यास उसळीचें शिखर दोन पावलांच्या मधोमध निसटूं शकतें, आणि धोक्याचें मंडल निर्धोक भासतें. पावलाची कमाल मर्यादा आधींच घालून देणें हें शहाणपणाचें.

चौथी जागा तपमानाची. वेगळें सांगितलें नाहीं, तर स्पाइस सर्व घटक २७ अंश सेल्सिअसवर आहेत असें धरून चालते. चंद्रपुरास मे महिन्यांत सांवलींतलें तपमान ४५ अंशांच्या वर जातें, आणि उन्हांत तापलेल्या लोखंडी पेटीच्या आंत तर तें आणखी चढतें. हें बर्कलीच्या त्या आंकड्यास ठाऊक नसतें. सुदैवानें तपमानाचीही फेरी काढतां येते. ती काढणें न काढणें हें मात्र माणसाच्या विवेकावर अवलंबून राहतें.

यावरून या साधनाची अंतिम मर्यादाही ध्यानांत येईल. संगणक जें जाणतो, तें घटकाचें प्रतिरूप, घटक नव्हे. कांहीं जातींचे सिरॅमिक कंडेन्सर त्यांच्यावर दाब पडतांच आपली धारणशक्ति बऱ्याच प्रमाणांत गमावतात. प्रतिरूपांत ही गोष्ट लिहिलेली नसेल, तर हजार फेऱ्या काढूनही ती उघडकीस येणार नाहीं. कल्पनेंतील मंडलाची फेरी प्रत्यक्ष मोजमापाची जागा घेऊं शकत नाहीं. मोजमाप कोठें करावें, आणि कोणत्या घटकावर विशेष नजर ठेवावी, एवढें ती दाखविते. तेवढेंही थोडें नव्हे.

एके काळीं हें साधन मोठमोठ्या विद्यापीठांच्या अवाढव्य संगणकांपुरतें होतें. आज एलटीस्पाइस विनामूल्य मिळते. बर्कलीच्याच परंपरेंतून आलेली ‘एनजीस्पाइस’ सर्वांस मोकळी आहे. आणि मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पानें तिच्याच आधारावर ‘ईसिम’ नांवाची मुक्त आज्ञावली तयार केली आहे. घरांतील साध्या संगणकावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यास वरील सहा आलेख स्वतः काढून पाहतां येतील, आणि येथें दिलेले आंकडे खरे कीं खोटे, हेंही ताडून पाहतां येईल. शास्त्रांत कोणाच्या शब्दावर विसंबावें लागत नाहीं, हेंच त्याचें वैभव.

उत्तम रचना कोणती, या प्रश्नास फेरीनें दिलेलें उत्तर मात्र विद्युत्शास्त्राबाहेरही उपयोगी पडण्यासारखें आहे. नवशिका रचनाकार आलेखांतील सर्वांत उंच शिखर शोधतो. अनुभवी रचनाकार सपाट पठार शोधतो. शिखरावर उभें राहणारास पाऊलभर ढळण्याचीही मुभा नसते. पठारावर चार पावलें इकडेतिकडे झालीं तरी कोणी दरींत कोसळत नाहीं. १०० ओहमची योजना आदर्श घटकांच्या जगांत अधिक चपळ होती. १५० ओहमची योजना खऱ्या घटकांच्या जगांत अधिक विश्वासू ठरली. आणि घरोघरीं जाणारीं यंत्रें चालावयाचीं असतात तीं याच दुसऱ्या जगांत.